चाळिशीचा चष्मा आणि दहावीचं पुस्तक

पहिल्या दिवशी मी हजेरी घेतली ती प्रवेशाच्या कागदांवरच्या नावांनी. तिसरं नाव पुकारलं, कुणी ओ दिली नाही. पुन्हा पुकारलं. भिंतीकडेला बसलेल्या एका बाईंनी शेजारणीकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि हात अर्धाच वर केला. नाव त्यांचंच होतं, लग्नाआधीचं. आमच्याकडे पुष्कळ घरांत लग्नात नवरीचं आडनावच काय, पाळण्यातलं नावही बदलतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मात्र जुनंच नाव राहतं. गेल्या चोवीस वर्षांत त्या नावाने त्यांना चारचौघांत कुणी हाक मारली नव्हती. “हांवूच ती,” त्या हळूच म्हणाल्या. कुणी हसलं नाही, कारण वर्गातल्या बहुतेक बायकांची तीच गत होती.

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात एका देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या जागेत, आठवड्यातून तीन संध्याकाळी हा वर्ग भरतो. १४ जण आहेत, ११ बायका आणि ३ पुरुष. सगळ्यात लहान २९ वर्षांची, सगळ्यात मोठे ५३ वर्षांचे. एनआयओएसच्या, म्हणजे मुक्त विद्यालयाच्या दहावीची तयारी करतात. मी दिवसा उच्च माध्यमिकच्या मुलांना शिकवते आणि संध्याकाळी इथे येते. दोन्हीकडचा फरक ध्यानात यायला मला वर्ष लागलं. दिवसाच्या मुलाला एखादं गणित सुटलं नाही तर त्याला वाटतं, हे अजून शिकायचं राहिलंय. संध्याकाळच्या माणसाला तेच गणित सुटलं नाही तर त्याला वाटतं, मला हे कधी येणारच नव्हतं, लोक म्हणत होते तेच खरं.

हा जो ‘लोक म्हणत होते तेच खरं’ आहे, त्याच्याशी आमची खरी झुंज आहे. शिक्षणाकडे परतणाऱ्या मोठ्या माणसाचा आत्मविश्वास म्हणजे त्याचा स्वभाव, असं आपण धरून चालतो. जिद्द असेल तर शिकेल, नसेल तर सोडून देईल. इतक्या वर्षांच्या संध्याकाळी पाहून मी ठामपणे सांगते की हे चूक आहे. त्या माणसाला बसायला काय मिळतं, परतीची बस किती वाजता आहे, वहीवर पहिला शेरा काय पडतो, अर्ज घेणारा कारकून कोणत्या आवाजात बोलतो, यांवर तो आत्मविश्वास उभा राहतो किंवा कोसळतो. या सगळ्या गोष्टी सरकारच्या, पंचायतीच्या आणि आपल्या हातातल्या आहेत. म्हणून हा सार्वजनिक प्रश्न आहे आणि त्याची चर्चा तशीच व्हायला हवी.

२०२५ च्या ३० मे रोजी, घटकराज्य दिनी, गोवा पूर्ण साक्षर राज्य म्हणून जाहीर झाला. केंद्राच्या ‘उल्लास’ कार्यक्रमात ९५ टक्के साक्षरतेला पूर्ण साक्षरता मानतात. २०११ च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता ८८.७० टक्के होती, पुरुषांची ९२.६५ आणि बायकांची ८४.६६. तिथून इथवर येण्यात पुष्कळ माणसांचे कष्ट आहेत. ज्या आजीने सत्तरीत अंगठ्याऐवजी सही केली, तिच्या आनंदात मी पुरती सामील आहे. पण माझ्या वर्गातले चौदाच्या चौदा जण जनगणनेच्या हिशेबात लहानपणापासूनच साक्षर आहेत. कुणी सातवीत शाळा सोडली, कुणी नववीत, कुणी दहावीला दोनदा बसून. त्यांची मोजणी साक्षरांत होऊन गेली आणि नंतर त्यांच्याकडे पाहायचं कुणाला कारण उरलं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रौढ आणि आजीवन शिक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे, एकविसावं. अक्षर आणि आकडेमोड हा त्यातला फक्त पहिला भाग. जीवनकौशल्यं, व्यवसाय, शाळेच्या समकक्ष शिक्षण, निरंतर शिक्षण हे पुढचे भाग. गोव्याने पहिला भाग सर केला असेल तर आता पुढच्या भागांना हात घालायची वेळ इतर बहुतेक राज्यांआधी आपली आहे.

या माणसांनी शाळा का सोडली, हे विचारल्याशिवाय त्यांना परत कसं आणायचं ते कळणार नाही. गरिबी हे उत्तर खरं आहे, पण पुरं नाही. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावागावांत मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि ज्या घरांत पाटी-पेन्सिल कधी आली नव्हती तिथली मुलं शिकू लागली. पण चौथी मराठीतून झाली की पाचवीला पुष्कळांसमोर इंग्रजी माध्यमाचं हायस्कूल उभं राहायचं. प्राथमिक शाळेत पहिल्या तिघांत येणारी मुलगी पाचवीत मागच्या बाकावर गेली, तिथे गप्प बसायला शिकली आणि सातवी-आठवीत घरी राहिली. घरी रोज पेजेच्या तपेल्यावरची वाफ पाहणारी ती मुलगी ‘इव्हॅपोरेशन’ या शब्दावर अडली. ती मठ्ठ आहे असा निष्कर्ष शाळेने काढला, घराने मानला आणि तिनेही. वीस वर्षांनी ती माझ्यासमोर येते तेव्हा तोच निष्कर्ष पदराला बांधून येते.

तिला मी पहिली गोष्ट सांगते ती ही: मुक्त विद्यालयाची दहावी मराठीतून देता येते. पाच विषय घ्यायचे, त्यांत गणित-विज्ञान घेतलंच पाहिजे अशी सक्ती नाही. एकदा नोंदणी केली की पाच वर्षं आणि परीक्षेच्या नऊ संधी. एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं आणि वयाची वरची मर्यादा नाही. ही व्यवस्था कित्येक वर्षांपासून आहे, आणि ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? आमच्या वर्गातल्या एकालाही नव्हती. वाहनकर्जाची, सोनंतारण कर्जाची माहिती वाड्यावाड्यावर पोचते. ही का पोचत नाही?

चाळिशीच्या चष्म्याला मराठीत ‘चाळिशी’च म्हणतात. भाषेला जे इतकं स्वच्छ माहीत आहे ते आपल्या शिक्षणव्यवस्थेला माहीत नाही. वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात पाच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत मला एकच सांगितलं: वाचते, पण डोक्यात शिरत नाही. पुस्तक हातभर लांब धरून वाचणाऱ्या बाईकडे मी किती दिवस पाहत होते, पण माझ्या ध्यानात आलं नव्हतं. शेवटी ओळखीच्या चष्म्याच्या दुकानदाराला एका संध्याकाळी अग्रशाळेत बोलावलं. पाचांपैकी चौघांना जवळचं दिसत नव्हतं. वीस वर्षं छापील मजकूर जवळून वाचायची वेळच न आल्यामुळे त्यांना ते कळलं नव्हतं. धुसर अक्षरांचा दोष त्यांनी आपल्या डोक्याला दिला होता. चष्मे आले त्या दिवशी एका बाईंनी स्वाध्यायाचं पान एका दमात मोठ्याने वाचलं आणि मग पुस्तक मिटून दोन मिनिटं तशाच बसून राहिल्या.

मोठ्या माणसाचं मन सांभाळायचं म्हणजे आपल्याकडे प्रेरणादायी भाषण ठेवतात. वक्ता येतो, टाळ्या पडतात, सगळे उभारी घेऊन घरी जातात. भाषणाला माझा विरोध नाही. पण ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, जो पहाटे चारला उठलाय, ज्याच्या अंगात रक्त कमी आहे, त्याला ‘मनात आणलं तर सगळं शक्य आहे’ असं सांगितलं आणि उद्या त्याला जमलं नाही, तर त्याच्या वाट्याला दुप्पट अपराधीपणा येतो. दोष पुन्हा त्याच्याच मनाचा ठरतो. आधी डोळे तपासा, हिमोग्लोबिन तपासा, मग मनाचं बोला. आपल्या आरोग्य केंद्रांत या दोन्ही गोष्टी होऊ शकतात. प्रौढ वर्गाच्या नोंदणीबरोबर त्या का होत नाहीत?

आमच्या वर्गात उसगावच्या बाजूचे एक भाऊ आहेत, ४७ वर्षांचे. नववीत शाळा सोडून खनिजाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून गेले, मग ड्रायव्हर झाले, मग कर्ज काढून स्वतःचा ट्रक घेतला. त्या काळात दहावी पास झालेल्यांपेक्षा ट्रकवाल्यांच्या हातात जास्त पैसा खेळत होता. आमच्या पट्ट्यातली किती मुलं त्या रस्त्याने गेली! त्यांना मूर्ख म्हणायचा अधिकार कुणाला नाही, घरात पैसा येत होता. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या चालू झाल्या आणि २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा थांबल्या. ट्रक दारात उभा राहिला, हप्ते थांबले नाहीत. एका कार्यालयात ते नोकरीच्या अर्जासाठी गेले, तेव्हा समोरच्या माणसाने कागद परत करत विचारलं, “दहावी नाही, आणि आता या वयात करून काय करणार?” हे वाक्य त्यांनी मला सांगितलं ते वर्गात आल्यावर आठ महिन्यांनी. तोवर ते रोज दाराजवळच बसायचे, कधीही उठून जाता येईल असे.

पहिल्या चाचणीनंतर ते खरंच उठून गेले. त्यात माझी चूक होती. मी दिवसाच्या सवयीने पेपर तपासले, लाल पेनाने, समासात गुण लिहून. २५ पैकी ७. पुढचे तीन आठवडे ते आले नाहीत. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा अंगणात उभ्या असलेल्या ट्रकच्या चाकाजवळ बसून आम्ही बोललो. बोलता बोलता त्यांनी मला खनिजाच्या फेऱ्यांचा हिशेब सांगितला: दिवसाच्या फेऱ्या, प्रत्येक फेरीचे टन, टनाचा दर, त्यातून डिझेल, टायर, क्लीनरचा पगार आणि बँकेचा हप्ता वजा. कागद नाही, पेन नाही. पेपरातला जो प्रश्न त्यांनी कोरा सोडला होता, तो याच्यापेक्षा कितीतरी सोपा होता. मी तोच प्रश्न ट्रकच्या भाषेत विचारला. त्यांनी उत्तर दिलं आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. “हें तें गणित?”

त्यानंतर मी पहिले दोन महिने गुण देणं बंद केलं. आता सुरुवातीला सगळ्यांकडून एकच काम पुरं करून घेते, ज्याचा बाहेरच्या जगात उपयोग होईल असं. गेल्या खेपेला प्रत्येकाने पंचायतीला स्वतःच्या अक्षरात एक अर्ज लिहिला. एका बाईंनी वाड्यावरचा बंद पडलेला दिवा लावून द्यावा म्हणून लिहिला. तो चार वेळा लिहावा लागला, पण दिवा लागला. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘मला हे जमेल’ या विश्वासाची मांडणी केली, तेव्हा त्याचा सगळ्यात पक्का आधार म्हणून त्यांनी स्वतः पार पाडलेल्या कामाचा अनुभव सांगितला. आपल्यासारख्या दुसऱ्याला ते जमलेलं पाहणं, कुणी धीर देणं आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था हे बाकीचे आधार. आपल्या प्रौढ शिक्षणात मात्र सगळा भर धीर देण्यावर आहे. पार पाडण्यासारखं छोटं, खरं काम हातात द्यायचं राहून जातं.

वय वाढलं की स्मरण जातं, असं सगळेच म्हणतात आणि माझे विद्यार्थी सगळ्यांच्या आधी म्हणतात. विचार करण्याचा वेग वयाबरोबर कमी होतो हे खरं. पण शब्दसंपत्ती आणि अनुभवातून आलेली समज साठीपर्यंत वाढू शकते, हेही तितकंच खरं. केरळमध्ये २०१८ साली कार्त्यायनी अम्मांनी ९६ व्या वर्षी साक्षरतेच्या परीक्षेत १०० पैकी ९८ गुण मिळवले होते. पण मला इतक्या लांब जायची गरज नाही. आमच्या गावच्या उत्सवात दरवर्षी नाटक होतं. गवंडी, पोस्टमन, काजूच्या कारखान्यातला कामगार, असे सगळे दिवसभर राबून रात्री तालमीला येतात आणि तीन-तीन अंकांची नाटकं पदांसकट तोंडपाठ करतात. आमच्या वर्गातल्या एका बाईंना पौषातल्या धालोची, म्हणजे बायकांच्या नाचगाण्याच्या उत्सवाची, इतकी गाणी येतात की रात्र संपेल पण गाणी संपणार नाहीत. त्याच बाई मला म्हणतात, “टीचर, म्हजी याद बरी ना,” माझी स्मरणशक्ती चांगली नाही. तालमीत पाठ होतं आणि वर्गात होत नाही, याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. तालमीत माणूस आपल्या माणसांत असतो, महिनाभर रोज तेच करतो, चुकला तर विंगेत प्रॉम्प्टर असतो आणि चुकायची जागा तालीम असते, प्रयोग नव्हे. वर्गात त्याला पहिल्याच दिवशी प्रयोगाला उभं करतात. मी आता वर्गाची बांधणी तालमीसारखी केली आहे. दोघादोघांच्या जोड्या, एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने पुस्तक धरून सांभाळायचं. जोडीदार आजारी असेल तर दुसरा त्याच्या घरी जातो. सोडून जाण्याचं प्रमाण माझ्या कोणत्याही भाषणापेक्षा या जोड्यांनी जास्त कमी केलं.

आता ज्यांना हा सगळा खर्च व्यर्थ वाटतो त्यांच्याविषयी. एक आक्षेप मला वारंवार ऐकायला मिळतो आणि तो प्रामाणिक आहे: मुलांच्याच शाळांना पैसा आणि शिक्षक पुरत नाहीत, मग चाळिशीतल्यांवर कशाला? यावर प्रौढ शिक्षणाचे कैवारी ठरलेलं उत्तर देतात की आई शिकली तर मुलं शिकतील. ते खोटं नाही. पण त्या उत्तराने मला आता त्रास होतो. आयुष्यभर जी दुसऱ्यांच्या उपयोगी पडत आली, तिचं शिक्षणही आपण तिच्या मुलाच्या उपयोगाचं म्हणूनच मान्य करणार का? आमच्या वर्गातल्या चौघी बचतगटातून शाळांना माध्यान्ह आहार पुरवतात. पहाटे उठून शेकडो मुलांसाठी भाजी-पाव करतात. ज्या शाळेच्या दारात त्या रोज डबे उतरवतात, त्या शाळेत आत जाऊन बसण्याचा त्यांचाही हक्क एकदा अर्धवट राहिला आहे. त्यांना तो त्यांच्या स्वतःच्या नावावर पुरा करून मिळावा. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्याला शिकायचं असेल तर शाळेने आपली वेळ बदलायची, एवढी साधी गोष्ट त्यांनी १७० वर्षांपूर्वी करून दाखवली.

दुसरा आक्षेप, ही माणसं ज्ञानासाठी येत नाहीत, दाखल्यासाठी येतात. येऊ देत. ज्या समाजाने प्रत्येक दारावर दाखला मागितला, त्याने दाखल्यासाठी आलेल्याला कमी लेखू नये. माझा अनुभव असा की दाखल्यासाठी आलेला माणूस चौथ्या-पाचव्या महिन्यात इतिहासाच्या तासाला प्रश्न विचारू लागतो. तोवर त्याला टिकवून धरणं हे आपलं काम.

परीक्षेच्या वेळापत्रकाचंही बोलायला हवं. मुक्त विद्यालयाच्या मुख्य परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. गोव्यातल्या कष्टकरी घराला विचारा हे महिने कसे असतात. एप्रिल-मे म्हणजे काजूचा हंगाम, लग्नसराई, पावसाआधीची घराची डागडुजी. ऑक्टोबर म्हणजे भातकापणी आणि मागोमाग दिवाळी. त्याआधी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जिच्या तयारीत बाईच्या हाताला पंधरा दिवस उसंत नसते. याच महिन्यांत अभ्यास मागे पडला की तिला वाटतं आपणच कमी पडलो. मागणीनुसार परीक्षा देण्याची सोयही मुक्त विद्यालयाने ठेवली आहे. ती तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळाली आणि आमच्यासारख्या वर्गांनी जून ते फेब्रुवारी असं वर्ष बांधलं, तर काजू आणि परीक्षा एकमेकांच्या आड येणार नाहीत. शिवाय परीक्षेच्या दिवसाचा पगार कापला जाऊ नये. खाजगी दुकानात, हॉटेलात, कारखान्यात काम करणाऱ्या प्रौढ परीक्षार्थीला परीक्षेचे पाच दिवस भरपगारी रजा द्यायला गोव्यातल्या मालकांना जड जाऊ नये.

सत्काराविषयी लिहिताना मला जपून लिहावं लागतंय, कारण त्यामागे प्रेम असतं हे मी पाहिलं आहे. सासू-सून एकाच वर्षी पास झाल्या, आई आणि लेक एका बाकावर बसल्या, की वर्तमानपत्रात फोटो येतो आणि पंचायत शाल-श्रीफळ देते. ठाणे जिल्ह्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारीतल्या त्या आज्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. त्या फोटोंनी पुष्कळांना बळ दिलं, मलाही. पण त्या शाळेतलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते फोटोत दिसत नाही: शाळा त्यांच्याच गावात होती, घरकामातून मोकळं होण्याच्या वेळेला भरत होती आणि शेजारी बसलेली बाई आयुष्यभराची शेजारीण होती. आपण फोटो उचलला, व्यवस्था उचलली नाही. आणि सत्काराची दुसरी बाजू मला दरवर्षी निकालाच्या दिवशी दिसते. जी पास झाली तिच्या घरी माणसं जातात. जी एका विषयात राहिली, तिचंही गावाला कळतं, कारण ती वर्गाला जाते हे गावाला माहीत असतं. पंधरा वर्षांच्या मुलाला ‘पुढच्या वेळी होशील’ म्हणतात, पंचेचाळीस वर्षांच्या बाईला कुणी काही म्हणत नाही, नुसतं पाहतात. आमच्या वर्गात एक बाई बाजाराच्या पिशवीत खाली पुस्तकं आणि वर तांबडी भाजीची जुडी ठेवून येतात, दोन वर्षं झाली. वर्गाला जाणं इतकं सर्वसाधारण झालं पाहिजे की त्या जुडीची गरज उरू नये. निकाल ज्याचा त्याच्या हातात द्यावा. नापास हा शब्द आम्ही वापरत नाही. नऊ संधींपैकी किती उरल्या तेवढं बोलतो.

आणि शिकवणाऱ्याचं काय? साक्षरतेचं काम आजवर स्वयंसेवकांच्या खांद्यावर चाललं. अक्षरओळखीसाठी काही महिने पदरमोड करून कुणी येईल, दहावीसाठी दोन-तीन वर्षं कोण येणार? माझा दिवसाचा पगार आहे म्हणून मी येऊ शकते. माझ्याबरोबर समाजशास्त्र शिकवायला येणारी मुलगी पदवीधर, बिनपगारी, आणि येण्याजाण्याचं पेट्रोलही तिच्याच पदरचं. सरकारने प्रत्येक केंद्रामागे निदान एक माणूस मानधनावर द्यावा, ज्याचं काम शिकवण्यापलीकडचं असेल: नावाच्या घोळाचे कागद सरळ करून देणे, अर्ज भरताना सोबत बसणे, दोन संध्याकाळी न आलेल्याच्या घरी जाणे. लग्नाआधीचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून आमच्याकडच्या दोन बायकांचा प्रवेश एक वर्ष लांबला. त्या वर्षात एकीने नाद सोडला. ती परत आली नाही, आणि मी तिच्या घरी वेळेवर गेले नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

जागेचा प्रश्न मात्र सुटण्यासारखा आहे. पटसंख्या घटून बंद पडलेल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांच्या इमारती गोव्यात किती गावांत उभ्या आहेत हे आपण येता-जाता पाहतो. कौलं शाबूत आहेत, फळा भिंतीवर आहे, विहीर आहे. ज्या शाळांनी आमच्या विद्यार्थ्यांना एकदा अक्षर दिलं, त्याच या शाळा. शाळेच्या इमारती संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी प्रौढांसाठी खुल्या कराव्यात, हे तर राष्ट्रीय धोरणातच लिहिलेलं आहे. मात्र तिथे जाताना बाक बदलायला हवेत. मागच्या वर्षी दोन संध्याकाळी आम्ही एका प्राथमिक शाळेत वर्ग घेऊन पाहिला. पहिलीच्या बाकात गुडघे पोटाशी घेऊन बसलेले उसगावचे भाऊ मला अजून दिसतात. चाळीस वर्षांच्या माणसाला मुलाच्या बाकात कोंबलं की पुढचं सगळं बोलणं फुकट जातं. दुसऱ्या दिवशी चौघे भिंतीला टेकून जमिनीवर बसले, आणि मला तेच योग्य वाटलं.

आमच्या वाड्यावरची शाळा बंद होऊन बरीच वर्षं झाली. किल्ली पंचायतीत आहे. गेल्या महिन्यात वर्गातल्या सगळ्यांनी मिळून अर्ज लिहिला, या वेळी एकदाच, खाडाखोड न करता. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी साडेसहा ते आठ. दोन ट्यूबलाइट, एक पंखा, मोठ्या माणसांच्या १५ खुर्च्या आणि आठ वाजून दहा मिनिटांनी तिस्कावरून सुटणारी एक बस. खाली चौदा सह्या आहेत, आणि प्रत्येक बाईने कंसात आपलं माहेरचं नाव लिहिलं आहे.